‘क्रुसाच्या वाटेला गेलीस का?’

‘मावशी, मी श्रीरामपूर तालुक्यातली. नाशिकला त्र्यंबक रस्त्यावरच्या एका विद्यापीठात बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय 19. वसतिगृहात आमच्या मजल्यावर कॅथलिक मी एकटीच. राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, पहाटे उठून त्र्यंबक नाक्यावरच्या चर्चमध्ये मिस्साला गेले, कपाळावर राख घेतली आणि तशीच नऊच्या लेक्चरला बसले. शेजारची म्हणाली, “त्र्यंबकेश्वरला जाऊन आलीस? अंगारा का?” महाशिवरात्र नुकतीच झाली होती. मी “हो” म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन कपाळ धुतलं. चाळीस दिवस एकदाच जेवायचं ठरवलं होतं. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडले. रात्री मेसमध्ये चिकन होतं, मैत्रिणींनी ताट पुढं केलं आणि मी खाल्लं. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती असते, येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपाशी थांबून प्रार्थना करायची, तिला एकदाही गेले नाही. प्रॅक्टिकल सहाला सुटतं, गेट साडेसातला बंद होतं. आई शुक्रवारी रात्री फोनवर विचारते, “क्रुसाच्या वाटेला गेलीस का?” दोन्ही शुक्रवारी मी “हो” म्हणाले. म्हणजे एकूण तीनदा खोटं बोलले. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्रासारखं वाटतंय मला. ईस्टरला घरी कोणत्या तोंडानं जाऊ?’

पोरी, आधी जेव. बाकीचं मग बोलू.

चाळीस दिवस एकदाच जेवायचं, हे तुला चर्चनं सांगितलेलं नाही. उपवासाचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत तो नियम आहे. त्या दिवशीसुद्धा एकदा पोटभर जेवायचं आणि आणखी दोन वेळा थोडं खायचं, इतकं की ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. आजारी माणसाला यातून मोकळीक आहे. राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं, ते 14 पूर्ण झाल्यापासून. मासे, अंडी चालतात. एवढाच नियम. तू त्याच्या चौपट ओझं डोक्यावर घेतलंस आणि ते पेलवलं नाही म्हणून स्वतःला गुन्हेगार ठरवलंस. प्रयोगशाळेत हातात काचेची भांडी आणि ॲसिडं असतात. तिथं चक्कर येऊन पडणं म्हणजे भक्ती नव्हे, आणि तुझ्या आईला हे कळलं तर क्रुसाच्या वाटेआधी ती तुझ्या डब्याची चौकशी करील.

तुझ्या अडचणीत आपल्या भाषेचाही हात आहे. मराठीत उपवास म्हटलं की समोर साबुदाण्याची खिचडी येते. तू मेसच्या काकूंना ‘माझा उपवास आहे’ सांगितलंस तर त्या मायेनं शेंगदाण्याचं कूट जास्त घालून खिचडी देतील, आणि तूप-साबुदाण्यानं भरलेलं पोट घेऊन तू विचार करत बसशील, हे चालतं की नाही. त्यांच्याशी साधं बोल: ‘काकू, ईस्टरपर्यंत शुक्रवारी मला चिकन नको, वरण-भात द्या.’ यात लाजण्यासारखं काही नाही. श्रावणात निम्मं वसतिगृह हेच सांगतं, आणि काकूंना ते तोंडपाठ आहे. यंदा राखेच्या बुधवारच्याच आठवड्यात रोजेही सुरू झाले. तुझ्या मजल्यावर पहाटे सहेरीला उठणारी कुणी असेल तर तिच्याशी बोल. आपण का आणि कसं कमी खातो, हे दोन मैत्रिणींनी एकमेकींना सांगण्यात भीतीच्या जागी ओळख येते.

त्या शुक्रवारच्या चिकनचं म्हणशील, तर चक्कर येऊन पडलेल्या पोरीपुढं मैत्रिणींनी ताट धरलं. त्यांनी तुला खाऊ घातलं, हे मला त्यांच्याकडून मिळालेलं दान वाटतं. बायबलमधल्या यशयाच्या 58व्या अध्यायातलं वाचन तुला मिस्सात ऐकायला मिळालं नाही, कारण ते राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी असतं आणि तो दिवस तुझा प्रॅक्टिकलमध्ये गेला. रात्री खोलीत काढून वाच. देवाला कोणता उपवास आवडतो, ते तिथं लिहिलंय: भुकेल्याला आपली भाकर वाटून दे. तुझ्या मैत्रिणींनी नेमकं तेच केलं, आणि त्यांना तो अध्याय माहीतही नाही.

आता राख.

तुझ्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. त्र्यंबक रस्ता, महाशिवरात्र होऊन तीनच दिवस झालेले, कपाळावर राखाडी खूण: तिनं अंगारा म्हणणं किती स्वाभाविक होतं! तिनं टोमणा मारला नव्हता. तिच्या जगात कपाळावरची राख ही श्रद्धेची खूण आहे, आणि तिनं ती बरोबर ओळखली. फक्त देऊळ चुकलं. तू ‘नाही गं, आमचा प्रायश्चित्तकाळ सुरू झालाय’ म्हणाली असतीस तर तिनं ‘अच्छा’ म्हणून वही उघडली असती. पण वर्गात एकटं असल्याची भीती कशी असते, हे मला माहीत आहे, म्हणून मी तुला रागावणार नाही.

कपाळ धुतलंस याचा मात्र अजिबात विचार करू नकोस. त्या दिवशी मिस्सात वाचलेलं शुभवर्तमान आठव. मत्तयचा सहावा अध्याय. उपवास कराल तेव्हा तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा. प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घ्या. दरवर्षी राख लावण्याच्या त्याच दिवशी आपण तोंड धुण्याचं वचन ऐकतो. राख मिरवण्यासाठी नाही आणि ती पुसल्यानं विश्वास पुसला जात नाही. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या जाळून ती केलेली असते. तिचं काम ती कपाळाला लागली त्या क्षणी झालं. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ हे तू ऐकलंस ना? मग झालं. पुसलं ते काही वावगं नाही. ‘हो’ म्हणालीस, तेवढंच नीट करायचं राहिलंय. एखाद्या दिवशी चहा पिताना तिला सांगून टाक. दोन वाक्यं लागतील.

स्वतःला पेत्र म्हणवून घेतेस, तर पेत्राची गोष्ट अर्ध्यात सोडू नकोस. मुख्य याजकाच्या वाड्यात, थंडी वाजत होती म्हणून पेटवलेल्या कोळशाच्या विस्तवापाशी उभा राहून त्यानं ‘मी तो नव्हे’ म्हटलं. योहानानं तो विस्तव मुद्दाम लिहून ठेवलाय. पुढं 21व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तळ्याकाठी उभा आहे. शिष्य रात्रभर जाळं टाकून दमलेत, आणि किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आणि भाकर. प्रभू पेत्राला काय म्हणाला? ‘त्या रात्री कुठं होतास?’ असं विचारलं नाही. ‘या, न्याहारी करा’ म्हणाला. आधी जेवू घातलं. प्रश्न जेवणानंतर आला, तोही ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ एवढाच. तीनदा नाकारलं होतं, म्हणून तीनदा विचारलं. त्या सकाळी पेत्राला कोणत्या तोंडानं आलास असं कुणी म्हटलं नाही, आणि तुलाही कुणी म्हणणार नाही.

आता आईचा फोन. मला खरं तर याच्यावरच बोलायचं होतं.

मीही नाशिकला वसतिगृहात राहून शिकले. तेव्हा फोन नव्हता, आंतरदेशीय पत्र होतं. आमच्या रेक्टरबाई संध्याकाळी बाहेर सोडत नसत, आणि मी घरी दर आठवड्याला लिहायची, ‘शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला गेले होते.’ आईला वाचता येत नव्हतं. धाकटा भाऊ तिला वाचून दाखवायचा. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मी घरी गेले. रात्री चुलीपुढं आई आपण होऊन म्हणाली, ‘औंदा मी एकदाबी गेले न्हाई बघ चर्चात. कांदा काढायला होता, अंधार पडेस्तोवर रानात. पण तुझं पत्र ऐकलं का वाटायचं, आपल्या घरातलं कुणीतरी चालतंय क्रुसामागं.’ 

पोरी, ते ऐकून मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी आईला समाधान देतेय असं समजत होते, आणि ती माझ्या खोट्यावर तिचा अख्खा उपवासकाळ उभा करून बसली होती. मी तिथंच सांगितलं, एकदाही गेले नाही म्हणून. आई काही बोलली नाही. चुलीतला विस्तव सारखा करत राहिली. मग म्हणाली, ‘मंग शुक्रवारी दोघी जाऊ.’ शुभ शुक्रवारी गेलो. चौदाच्या चौदा स्थानं तिनं माझा हात धरून केली, पाय सुजलेले होते तिचे.

म्हणून सांगते, खाल्लेल्या चिकनपेक्षा आणि पुसलेल्या राखेपेक्षा हा ‘हो’ जड आहे, आणि तो उतरवणं सगळ्यांत सोपंही आहे. क्रुसाची वाट ही भक्ती आहे, सुंदर भक्ती आहे, पण रविवारच्या मिस्सासारखं ते बंधन नाही. ती चुकली म्हणून पाप लागत नाही. आईलाही हे ठाऊक असणार. ती हजेरी घेत नाहीये. तिला नाशिकमधलं तुझं जग दिसत नाही, तुझी प्रयोगशाळा, तुझी खोली, काहीच नाही. तिला ओळखीची एकच जागा सापडते, तिथं ती तुला शोधते.

खोटं बोलल्याचं कन्फेशनमध्ये सांग, ईस्टरपूर्वी जायचं असतंच. पण फादरांना सांगितलं म्हणून आईला सांगायचं टाळू नकोस.

एकटेपणाचं मी थोडं वेगळं सांगते. तुला वाटतं तू घर सोडून परक्या गावी आलीस. नाशिक धर्मप्रांत 1987 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार, सगळे त्यात. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला तू लहानपणापासून गेली असशील. ते हरेगाव आणि त्र्यंबक नाक्यावरचं चर्च एकाच धर्मप्रांतातली. बाप्तिस्म्याला तुझ्या डोक्याला लावलेल्या पवित्र तेलावर नाशिकच्या बिशपांनीच प्रार्थना केली होती. दरवर्षी पवित्र आठवड्याच्या सुमारास बिशप सगळ्या फादरांसोबत मिस्सा करतात, तेलांवर आशीर्वाद देतात, आणि ती तेलं गावोगावच्या चर्चमध्ये जातात. या शहराशी तुझं नातं वसतिगृहाच्या पावतीपेक्षा जुनं आहे.

रविवारी मिस्सा सुटली की लगेच बसस्टॉपकडे पळू नकोस. पाच मिनिटं आवारात थांब. नर्सिंगच्या केरळी मुली असतात, नंदुरबारकडच्या असतात, गोव्याच्या, वसईच्या असतात. फादरांना विचार, त्र्यंबक रस्त्याला आणखी कोण राहतं. कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन नावाची देशभराची संघटना आहे, 1924 मध्ये मद्रासला सुरू झालेली, तिच्याबद्दलही विचार. संघटना नसली तरी चालेल. दुसरी एक मुलगी सापडली की शुक्रवारी सातला तुमच्या खोलीत पुस्तक उघडून चौदा स्थानं करता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे. भिंतीवर चित्रं लागत नाहीत.

रेक्टर मॅडमना आत्ताच एक अर्ज लिहून दे. आयत्या वेळी गेटवर रडण्यात अर्थ नसतो. 2 एप्रिलला पवित्र गुरुवार, 3 एप्रिलला शुभ शुक्रवार, 4 तारखेच्या रात्री पास्काचं जागरण आणि 5 ला ईस्टर. शुक्रवारी सुट्टी असते, गुरुवारी नसते, म्हणून गुरुवारचं प्रॅक्टिकल असेल तर सरांशी आधी बोल. घरी जाणार असलीस तर बुधवारीच एसटी पकड. राहणार असलीस तर शनिवारी रात्री उशिरा परतण्याची परवानगी आणि सोबत कोण आहे ते अर्जात लिही. फादरांची चिठ्ठी जोडलीस तर काम लवकर होतं.

तळटीपेत विचारलंयस, येत्या रविवारी मैत्रिणी रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाचा हौद, बघायला नेतायत, प्रायश्चित्तकाळात गेलं तर चालेल का. जा. रविवार चाळीस दिवसांत मोजत नाहीत. मोजून बघ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. आधी मिस्सा कर, मग रंग खेळ, आणि जुने कपडे घाल, रहाडीचा रंग लवकर जात नाही.

शुक्रवारी आईच्या फोनची वाट बघू नकोस, तूच कर. सध्या कांद्याचे दिवस, ती घरी येऊन हातपाय धुईपर्यंत साडेआठ वाजतील. आधी ‘जेवले’ म्हणून सांग, आणि खरंच जेवलेली अस. मग म्हण, ‘आई, मी दोन्ही शुक्रवारी गेले नव्हते. आजही जमलं नाही. तुला जमलं का?’ तीही दमून घरीच असेल, तर पुस्तक घ्यायला सांग. तिनं ‘हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो’ म्हणायचं, तू पुढचं म्हणायचंस. पहिल्या स्थानापासून.

– तुझी मावशी