सोलापुरात विमान आलं, गुंतवणुकीच्या बातम्या येतायत, आता परत येऊन व्यवसाय टाकावा का?

उत्तर लिहिणार नव्हते. पण तुमच्या प्रश्नातलं "इतकी वर्षं सोलापुरात काही राहिलंच नव्हतं, आता कुठं विकास सुरू झालाय" हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. तुम्ही विचारलंय की विमानसेवा सुरू झाली, पेपरात रोज कोटींचे आकडे दिसतात, तर पुण्यातली नोकरी सोडून गावी उद्योग टाकावा का. माझं सोलापूरच्या पूर्व भागात शिलाईचं युनिट आहे, शाळेचे गणवेश शिवतो. त्याआधी वडिलांचे चादरीचे माग होते. त्यामुळे "काही राहिलंच नव्हतं" हे मला मान्य नाही.

आधी बातम्यांचं. "सामंजस्य करार झाला" याचा अर्थ कारखाना आला असा होत नाही. २०१८ च्या मॅग्नेटिक महाराष्ट्रमध्ये ४,१०६ करार झाले आणि आकडा जाहीर झाला १२ लाख १० हजार कोटींचा. असा करार कुणालाच बांधून ठेवत नाही, ना सरकारला, ना कंपनीला. बातमी वाचताना बघायचं ते वेगळंच: जागेचा ताबा मिळाला का, विजेचा किती भार मंजूर झाला, पाणी कुठून घेणार, पर्यावरण मंजुरी लागत असेल तर ती आली का. यातलं काही छापलेलं नसेल तर ती अजून इच्छाच आहे. एमआयडीसीतला प्लॉट मिळणं हाही पुरावा नाही. प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं मुदतवाढीवर बसणारे सगळ्या एमआयडीसींत आहेत, त्यांना जमीन हवी असते, उद्योग नको असतो.

आता मला जे सांगायचंय ते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांची यादी लागली आणि सोलापूर नवव्या नंबरावर आलं. पेपरांची पहिली पानं त्यानंच भरली होती. त्याच हिवाळ्यात आमचे माग गेले. भंगारवाला गॅसकटर घेऊन आला. बिडाचे सांगाडे कापले, टेम्पोत चढवले आणि वजनकाट्यावर नेले. मागावर नक्षीसाठी पंच केलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली असते, जकार्डची. मोराची एक नक्षी वडिलांनी स्वतः बसवून घेतली होती, तिचे पुठ्ठे त्यांनी हातानं सोडवले आणि बाजूला ठेवले. भंगारवाला म्हणाला, "हे रद्दीत जाईल काका, लोखंडात धरता येणार नाही." वडील काही बोलले नाहीत. गल्लीतले आणखी दोन शेड त्याच महिन्यात रिकामे झाले. त्याबद्दल एकाही पेपरात एक ओळ आली नाही. माग बंद पडले म्हणून कुणी फीत कापायला येत नाही.

चादर का बसली याची कारणं गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. पानिपतचं मऊ, स्वस्त ब्लँकेट आलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरगावच्या दुकानात दुसरीकडचा माल 'सोलापुरी' म्हणून बिनदिक्कत विकला जातो. पण आमचे माग खरे बुडाले ते उधारीत. सूत घ्यायचं रोखीनं, फार तर आठवड्याच्या बोलीवर. मजुरी दर आठवड्याला, वीजबिल महिन्याला. आणि माल मात्र तीन-तीन, चार-चार महिन्यांच्या उधारीवर. परराज्यातल्या एका व्यापाऱ्यानं वडिलांचा अख्खा हंगाम असाच अडकवून ठेवला. फोन उचलायचा, गोड बोलायचा, पैसे मात्र पाठवायचा नाही. मागाला काहीच झालं नव्हतं, चादरीला गिऱ्हाईकही होतं. हातात खेळतं भांडवल नव्हतं. ज्यांच्याकडे ते होतं, ते वेळेत टेरी टॉवेलकडे वळले आणि टिकले.

माझा थोरला भाऊ, अण्णा, पुण्यात नोकरीला. माग विकायचे हे त्यानं ठरवलं, आणि आलेल्या पैशांत पुण्यातल्या फ्लॅटची भर घातली. त्याचं म्हणणं तेव्हाही एकच होतं, आजही तेच आहे: "हे शहर गिरण्यांबरोबरच मेलं. एखादी मोठी कंपनी आल्याशिवाय इथं काही होणार नाही." तुमच्या प्रश्नात मला अण्णाच बोलताना ऐकू आला, म्हणून इतकं लिहितेय.

गिरण्यांचंच घ्या. जुनी गिरणी १८७७ ची, आमचे आजोबा तिथं होते. ती साठच्या दशकात बंद झाली. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात गेली, नरसिंग गिरजी त्यानंतर. प्रत्येक वेळी एक गेट बंद झालं आणि हजारो घरांची चूल एकदम गार पडली. अण्णा यातून अर्थ काढतो की आपल्याला पुन्हा तसंच मोठं गेट हवं. मी म्हणते, अख्खं शहर एका गेटावर अवलंबून राहिलं हाच तर घोटाळा होता. पूर्व भागात हजारो यंत्रमाग लहान लहान शेडमध्ये चालतात, गणवेशाची शिलाई घराघरात चालते. हे सगळं एका दिवसात बंद पडू शकत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. चालू राहतं, त्याचीही होत नाही. त्यातून बाहेरच्यांना वाटतं इथं काहीच नाही.

शिलाईत मी आले ती पदरी एक मशीन आणि वडिलांचे ओळखीचे दोन व्यापारी घेऊन. कापड भिलवाड्याहून येतं, शिवून कर्नाटकात, तेलंगणात, मराठवाड्यात जातं. पैसा आणि ऑर्डर यांच्यापेक्षा मला जास्त झगडावं लागलं ते बायका मिळवायला. आमच्याकडच्या बहुतेक जणी विडी वळणाऱ्या घरातल्या. दिवसभर तंबाखूत बसून हजार विड्या वळायच्या, त्यातल्या काही छाट, म्हणजे खराब, म्हणून बाजूला जायच्या, हातात पडणारी मजुरी तुटपुंजी. शिलाईत जास्त मिळतं. तरी येईनात. कारण विडीला कामगार असल्याचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे, आणि विडी कामगार म्हणूनच कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार बायकांना घरं मिळाली. मास्तरांनी, म्हणजे कामगार नेते नरसय्या आडम यांनी, ती चळवळ वर्षानुवर्षं चालवली. त्या बायकांना कागदाची किंमत चांगली कळते. "तुमच्याकडं पगार हाय, पर कार्ड न्हाई," असं एकीनं मला तोंडावर सांगितलं. मी पीएफ सुरू केला तेव्हा त्या आल्या. व्यापारी मला वेड्यात काढत होते. पण माझ्याकडच्या बायका टिकल्या, त्यांच्याकडच्या दर हंगामाला पळतात.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ही कुठल्याच औद्योगिक धोरणात लिहिलेली नसते. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे वर्षानुवर्षं चाललंय. उजनी धरण भरलेलं असलं तरी. ज्या पेठेत पाणी सुटणार त्या पेठेतल्या बायका त्या दिवशी कामावर येऊ शकत नाहीत, कारण पाणी पहाटे येईल की दुपारी याचा भरवसा नाही, आणि ते भरलं नाही तर पुढचे चार दिवस घर कोरडं. माझ्या युनिटच्या भिंतीवर सुट्ट्यांचं कॅलेंडर नाही, पाण्याच्या पाळ्या लिहिलेला फळा आहे. साखर पेठेतल्या आज नाहीत तर काजं-बटणं उद्यावर, दाजी पेठेतल्या उद्या नाहीत तर इस्त्री-पॅकिंग परवावर, असं काम लावते. अशी मजुरी किती बुडते त्याचा हिशोब महापालिका ठेवत नाही. उजनीहून समांतर जलवाहिनी टाकायचं काम किती वर्षं रेंगाळलं ते आठवा. माझ्या मते या शहरासाठी रोज पाणी देण्याइतकी मोठी गुंतवणूक दुसरी नाही.

विमानाचं म्हणाल तर माझा विरोध नाही. १५ जून २०२३ ला विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा शहरात दोन तट पडले होते, घराघरांत भांडणं झाली. चिमणी पाडू नका हे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांचं म्हणणं मला तेव्हा जास्त पटत होतं, अजूनही पटतं. पण चिमणी गेली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. बाहेरचा खरेदीदार आधी पुण्याला किंवा हैदराबादला उतरून गाडीनं यायचा, अर्धे तर यायचेच नाहीत. आता टॉवेलवाल्यांना त्याचा उपयोग होईल. पण विमानातून उतरलेला माणूस ऑर्डर देऊन जातो. ती पुरी करायला सूत, वीज, पाणी आणि माणसं इथंच लागतात.

यायचं की नाही? सॉफ्टवेअर किंवा सल्लागारीचं काम आणणार असाल तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही, ते मला कळत नाही. कापडात, शिलाईत, लहान इंजिनिअरिंगमध्ये येणार असाल तर या. इथं इंजिनिअरिंगही आहे, कॅमशाफ्ट बनवून परदेशात पाठवणारी कंपनी याच शहरात वाढली. पण चालू भांडवल निदान दोन हंगामांचं हाताशी ठेवा. मशिनवर पैसा ओतू नका, जुनी चांगली मिळतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी करा. एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत त्याला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. तुमची नोंदणी उत्पादक म्हणून हवी, व्यापारी म्हणून असेल तर याचा फायदा नाही. काही व्यापारी या नियमामुळे ऑर्डर दुसरीकडे फिरवतात, तरी मी माघार घेतलेली नाही. वडिलांच्या वेळी हा नियम असता तर ते पुठ्ठे मागावरून सोडवायची वेळ आली नसती, हे मी अण्णाला अनेकदा ऐकवलंय.

निर्यातीत शिरायचं असेल तर सांभाळून. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा टॉवेलवाल्यांचे तयार माल अडकले. मी शाळांसाठी शिवते म्हणून वाचले, पण माझा धंदाही डिसेंबर ते जून एवढाच पळतो, बाकीचे महिने रेटावे लागतात. आणि घर-कारखाना एकत्र ठेवू नका. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ माणसं गेली. तेव्हापासून मी दाराजवळ कापडाचा एक गठ्ठा ठेवू देत नाही, आणि दुसरं दार फोडून घेतलं.

शहर वाढतंय की नाही हे पेपरावरून ठरवू नका, सकाळी पूर्व भागातल्या अशोक चौकात उभं राहून कामाला निघालेली माणसं बघा. आणि घरातला कुणी थोरला "तिथं काय ठेवलंय आता" म्हणाला तर त्याला हिशोब मागा: माग विकून आलेल्या पैशातून कुणाला रोजगार मिळाला? अण्णानं मला अजून त्याचं उत्तर दिलेलं नाही.