आवाज गोड आहे, कानाचं काय?

मिरजेजवळच्या गावातून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाण्यात विशारद झाली. आता म्हणते, आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताची निवेदिका व्हायचंय. आवाज गोड आहे तिचा. पण रेडिओ आता ऐकतं कोण? यावर पोट भरेल का?’

सप्रेम नमस्कार,

पोटाचं आधी सांगते. निव्वळ निवेदनावर घर चालवणं आज अवघड आहे. केंद्रांचा बराचसा भार नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या उद्घोषकांवर असतो. केंद्राची जाहिरात येते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते, मग आकाशवाणीचं ‘वाणी’ हे निवेदनाचं प्रशिक्षण. एवढं करून महिन्याला मोजक्याच ड्यूट्या मिळतात, आणि मानधन मिळतं ते ड्यूटीमागे. खासगी एफएमवर या संगीताला जवळपास जागाच नाही. हे लेकीला स्पष्ट सांगा, पण मोडता घालायला म्हणून नको.

ऐकणारे आहेत. 2016 साली आकाशवाणीने बंगळुरूहून ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी सुरू केली. ती मोबाइलवरही लागते.

मला काळजी वाटली ती ‘आवाज गोड आहे’ या वाक्याची. मी स्वतः काही वर्षं नैमित्तिक उद्घोषिका होते. एका रात्री क्यू-शीटवर, म्हणजे काय कधी वाजवायचं त्या कागदावर, ‘राग पूरिया’ लिहिलं होतं, मी तसंच वाचलं. वाजली सोहनी. दोन्हींचे स्वर तेच. पण पूरिया मंद्रात, खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वरच्या ‘सा’कडे, तार षड्जाकडे झेपावते. दोन मिनिटांत माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी पुढचे कागद लावत बसले होते. ड्यूटी रूममध्ये एका वृद्ध श्रोत्यांचा फोन आला, ‘बाई, सोहनी चाललीय.’ चूक कागदाची होती, पण त्यांच्या घरात पोचला होता तो माझा आवाज. त्यानंतर आधी ऐकल्याशिवाय एकही ध्वनिमुद्रण मी लावलं नाही.

हे काम ऐकणाऱ्याचं आहे. सायंकाळच्या सभेत मारवा चार मिनिटं आधी संपला, तर हाताशी काय ठेवलंय? तिथे मैफल संपवणारी भैरवीची धून लावून चालत नाही. तीनदा म्हटलेली तिहाई समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आली, तंबोरे अजून झंकारताहेत, तर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, किती सावकाश खाली आणायचा आणि तोंड कधी उघडायचं? हे गळ्याला कळत नाही, कानाला कळतं. तुमच्या मुलीने विशारदपर्यंत मेहनत केलीय, म्हणजे अर्धी वाट ती चाललेलीच आहे.

एक घोळ बरेच पालक करतात, म्हणून सांगते. कलाकारांची ऑडिशन वेगळी, उद्घोषकांची वेगळी. बी, बी-हाय, ए, टॉप या श्रेण्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मिळतात. तिने गायनाची ऑडिशनही जरूर द्यावी, पण त्यातून निवेदनाचं दार उघडत नाही.

पदवीनंतर तिला संगीतात एम. ए. करू द्या आणि जोडीला ध्वनिसंपादन शिकू द्या. शिकवणं, जुन्या ध्वनिफितींचं डिजिटायझेशन, मैफलींचं निवेदन यांतून मिळकत जुळवावी लागेल. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात आनंद देशमुखांचं निवेदन तिला ऐकवा. कलाकाराची ओळख किती नेमकी असू शकते ते कळेल. तुम्ही तर मिरजेच्या वाटेवर राहता. तंबोरे बनवणाऱ्यांकडे जाऊन जवारी लावताना, म्हणजे तारांचा झंकार जुळवताना, तासभर बसू दे तिला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीप्रीत्यर्थ मिरजेच्या दर्ग्यात होणारी मैफल चुकवू देऊ नका.

घरी रोज एक ध्वनिमुद्रण ऐकून तिने राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, साथीदारांची नावं लिहावीत आणि चाळीस सेकंदांचं निवेदन करावं. ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द खोडून टाकायचे. महिन्याभराने त्यातली दोन मला पाठवा: एक भूप रागाचं, एक देशकाराचं. स्वर दोन्हींचे सारखेच आहेत. ऐकणाऱ्याला फरक कळेल असं तिने दोन वाक्यांत सांगायचं.