रामाचा डाव दिवसा, कृष्णाचा रात्री

सावंतवाडीहून आणलेल्या डबीत १२० गोल पानं निघाली, ती खेळायची कशी आणि जगातले सगळ्यांत जुने पत्ते हेच का, असं तुम्ही विचारलंय. इथे बऱ्याच जणांनी "शोकेसमध्ये ठेवा, छान दिसतात" असा सल्ला दिलाय. कृपा करून तसं करू नका. गंजिफा, म्हणजे हे हाताने रंगवलेले गोल पत्ते, खेळण्यासाठीच रंगवलेली असते.

तुमचा संच दशावतारी आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजाच्या पानावर खुद्द अवतार असतो आणि साध्या पानांवर त्याची खूण. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. राणी नाही.

तिघांनी बसायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. गोल पानं आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून चादर अंथरून पालथी पसरायची आणि तळहातांनी फिरवून मिसळायची. चाळीस पानं एका मुठीत मावतही नाहीत. आम्ही हलकी पानं मांडीजवळ पालथी ठेवतो आणि कामाची तेवढी हातात धरतो.

आता खरी गंमत. हुकूम नावाचा प्रकारच नाही. उतारी ज्या रंगाची, त्यातलं वरचं पान हात घेऊन जातं. राजा सगळ्यांत वर, त्याखाली प्रधान. पुढे मात्र पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत खाली, तर उरलेल्या पाचांत बरोबर उलट: प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, तिर्री आणि दश्शी अगदी तळाला. आमच्या घरी परशुरामापासून कल्कीपर्यंतचे पाच सुलटे धरतात. तुम्ही तिघांनी बसण्याआधी हे ठरवून घ्या, नाहीतर तिसऱ्याच हाताला भांडण होतं. माझ्या धाकट्या भावाने पहिल्या डावात वामनाची दश्शी मोठ्या तोऱ्यात टाकली आणि ती दुर्रीने खाल्ली. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून तो कोणती पानं उतरली ते मनात मोजायला लागला, आणि हा सगळा खेळ त्या मोजण्यावरच चालतो. शेवटी ज्याचे हात जास्त, त्याचा डाव.

पहिली उतारी कोणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम त्याची, दिवेलागणीनंतर कृष्णवाल्याची. मोगल गंजिफेत (आठ रंग, ९६ पानं) हाच मान दिवसा सुर्खला म्हणजे सोन्याच्या नाण्याला आणि रात्री सफेदला म्हणजे चांदीच्या नाण्याला आहे. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची. दशावतारी पानांत तो मान सूर्यवंशी रामाकडे आणि चंद्रवंशी कृष्णाकडे आला. शिवाय एकाचा जन्म भर दुपारचा, दुसऱ्याचा मध्यरात्रीचा. ज्याला कुणाला ही जोडी सुचली असेल, त्याला माझा मनापासून नमस्कार.

जुनेपणाचं म्हणाल तर उत्तर "नाही" असंच आहे. फ्लॉरेन्सने पत्त्यांवर बंदी घातली ती १३७७ साली. तिथे पत्त्यांना नाइब्बे म्हणत. हा शब्द आला अरबी 'नायब' (म्हणजे राजाचा दुय्यम) वरून, आणि इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांत राजाखाली नायबच असतो. तिथेही राणी नाही! त्या पत्त्यांचा जवळजवळ पूर्ण संच १९३१ साली इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. आपल्याकडे गंजिफेचा ठोस उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो, १५२७ सालचा: सिंधच्या शाह हसनला त्याने गंजिफा पाठवली होती. पुढे ऐने-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लने बारा रंगांच्या १४४ पानांचं वर्णन केलंय. नाव आणि खेळ इराणकडून आले हे मान्य करायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही. त्या चौकटीत दशावतार बसवले ते आपल्या लोकांनी. बंगालमधल्या विष्णुपूरच्या पानांत तर बुद्धाच्या जागी जगन्नाथ आहे.

सावंतवाडीत ही कला जवळजवळ बंद पडली होती. १९७०च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच पुन्हा काम सुरू केलं. म्हणून आज तुमच्या हातात ही डबी आहे.

हाताने रंगवलेली पानं खराब होतील अशी धास्ती वाटत असेल तर पुठ्ठ्याच्या १२० चकत्या कापा आणि मुलांकडून त्यांवर मासे-कासवं काढून घ्या. आम्ही त्यांवरच शिकलो. दोन-तीन डाव बसले की खरी डबी उघडा. चादर सुती घ्या, सतरंजीवर पानांच्या कडा खरवडतात. फराळाची बशी शेजारच्या खोलीत ठेवा.