आगोटीचं पोतं आणि कवचाविना अंडं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्या मागच्या पडवीत पिंजऱ्यात पाच लाव्ह्या (बटेर पक्ष्याच्या माद्या) आणि एक नर आहे. मुलांच्या हौसेखातर आणले. उन्हाळ्यात रोज चार-पाच अंडी मिळायची, छान ठिपक्यांची. श्रावण लागला तशी दोघी-तिघींची अंडी पातळ सालीची यायला लागली. एखाद्या दिवशी तर सालच नसते, नुसती पिशवी. ब्रॉयलर पिल्लांचं स्टार्टर खाद्य देते, त्याचं पोतं आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या खरेदीतच आणून ठेवलंय. ते पुरवायचं म्हणून निम्मी तांदळाची कणी मिसळते, आणि कॅल्शियमसाठी मूठभर नाचणी. शेजारच्या काकी सांगतात, पाण्यात पानाचा चुना कालवून दे. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून गाईच्या कॅल्शियमची बाटलीही आणलीय. काय देऊ? आणि ही अंडी खाल्ली तर चालतात का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी तो चुना पानाच्या डब्यात परत ठेवा. कॅल्शियम त्यात आहे, पण तो दाहक आहे. आपली जीभ त्यानं भाजते, मग दीड-दोनशे ग्रॅमच्या पाखराच्या घशाचं काय होईल? काकी म्हणतील, निवळी दे. निवळीच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम ग्रॅमभरसुद्धा नसतं आणि लाव्ही दिवसाला पिते जेमतेम काही घोट. चव बिघडली की तेवढंही पीत नाही.

आता हिशेब मांडू. लाव्हीचं अंडं साधारण १० ग्रॅमचं. त्यात कवच पाऊण ग्रॅमच्या आसपास, आणि त्या कवचात कॅल्शियम सुमारे ३०० मिलिग्रॅम. पाखरू दिवसाला खातं २० ते २५ ग्रॅम. स्टार्टर खाद्य वाढत्या पिल्लांसाठी असतं, त्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास. तुम्ही त्यात निम्मी कणी घातलीत, कणीत कॅल्शियम नावालाच. म्हणजे लाव्हीच्या पोटात दिवसाला सव्वाशे मिलिग्रॅम जेमतेम जातं आणि तेही सगळं अंगी लागत नाही. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. अंडी देणाऱ्या मादीच्या हाडांत त्यासाठी वेगळा साठा असतो. तुमच्या लाव्ह्यांचा तो साठा आता संपला. नाचणी आपल्याला उत्तम, पण १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा. अंड्यावरच्या लाव्हीला खाद्यात अडीच ते तीन टक्के लागतं.

तेव्हा कणी आजपासून बंद. स्टार्टर नुसतंच द्या. लाव्हीला प्रथिनं कोंबडीपेक्षा जास्त, वीस टक्क्यांच्या घरात लागतात, ती त्यातून मिळतील. कॅल्शियम वेगळ्या वाटीत ठेवा. कोकणात राहून बाटली कशाला शोधायची! तिसऱ्या, कालवं खाऊन झाली की शिंपल्या टाकू नका. घासून, दोन पाण्यांत उकळून मीठ आणि उरलंसुरलं मांस काढा, कडकडीत वाळवा आणि खलबत्त्यात कुटा. चाळणीनं पीठ वेगळं करा. जाड रव्याएवढे कण वाटीत घाला. शिंपल्या नसतील तर कोंबडीच्या अंड्यांची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून तशीच कुटा. पोल्ट्रीच्या दुकानात ‘शेल ग्रिट’ म्हणून तयार चुराही मिळतो. मात्र ‘ग्रिट’ म्हणून दगडाची बारीक खडी माथी मारत नाहीत ना, तेवढं बघा. तिचा उपयोग दाणा दळायला, कवचाला नाही.

जाडसर कणांचा आग्रह धरतोय त्याला कारण आहे. लाव्ही बहुतेक वेळा दुपारनंतर अंडं घालते. पुढच्या अंड्यावर कवच चढायला अठरा-वीस तास लागतात, आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, जेव्हा ती काही खात नाही. पिठासारखी पूड पोटातून झटकन पुढे सरकते. जाड कण पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या पोटाच्या भागात, रेंगाळतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळत राहतात. म्हणून संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास वाटी भरलेली आहे ना, ते पाहा. खाद्यात मात्र हा चुरा कालवू नका. मादीला गरज कळते, ती टिपून खाते. नराला बळजबरीनं जादा कॅल्शियम गेलं तर त्याचे मूत्रपिंड बिघडतात, पुढे पिल्लं काढलीत तर त्यांचेही.

आता पोत्याबद्दल. आगोटीला तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरून ठेवणं ठीक, पण पक्ष्याचं खाद्य भरून ठेवायचं नाही. कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं. खाद्यात ते घातलेलं असतं, पण चार महिने दमट पडवीत पडलेल्या पोत्यात किती टिकणार? एरवी ती कसर ऊन भरून काढतं. चिपळूणच्या आषाढ-श्रावणात ऊन कुठलं! उन्हाळ्यात अंडी चांगली होती ती यामुळेही. पोत्यात हात घालून तळचं खाद्य बाहेर काढा. गोळे झाले असतील, कुबट वास येत असेल, तर सगळं खताच्या खड्ड्यात. बुरशीचं विष यकृतात जातं, आणि मग शिंपल्यांचा डोंगर ठेवलात तरी उपयोग नाही. यापुढे महिन्याला पुरेल एवढंच आणा. उघडीप मिळाली की पिंजरा अंगणात, अर्धा सावलीत. काचेच्या खिडकीआडचं ऊन या कामाचं नाही.

गाईच्या बाटलीचं म्हणाल तर, तिच्यात ड जीवनसत्त्व असेल तर अंदाजानं ओतणं घातक. ते जास्त झालं तरी मूत्रपिंडांवरच बेततं. लेबल घेऊन तुमच्याकडच्या दवाखान्यात दाखवा. पाखराच्या वजनावर थेंब ठरवून देतील.

दुपारी एखादी लाव्ही कोपऱ्यात पिसं फुगवून बसली, शेपटी खालीवर करत कुंथत असली, तर अंडं अडकलंय असं धरा. मऊ अंडं नीट ढकललं जात नाही. तिला खोक्यात उबेला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायचा शहाणपणा कुणालाही करू देऊ नका, आत फुटलं तर पाखरू जातं. पाय टाकून आडवी पडली तरी तेच, हाडं रिकामी झालीत.

कवच नसलेलं अंडं खाऊ नका. पिंजऱ्यातली घाण त्या पडद्यातून सहज आत शिरते. दिसताक्षणी उचला, कारण एकदा का लाव्हीनं चोच मारून बलक चाखला की तिला अंडी फोडायची चटक लागते.

नव्या आहारावर फरक दिसायला दोन-तीन आठवडे द्या. कोणत्या लाव्हीचं अंडं सुधारलं हेही कळेल. प्रत्येकीची ठिपक्यांची नक्षी ठरलेली असते, एकीची शाईच्या डागांसारखी मोठी, दुसरीची मिरीच्या पुडीसारखी. पाहून ठेवा.

प्रश्न : आमच्या लाव्हीची अंडी टणक आहेत, पण चार दिवस झाले पांढरीफेक येतात, ठिपका नाही. कॅल्शियम कमी पडतंय का?
– एक वाचक, सासवड

उत्तर : कॅल्शियम भरपूर आहे, म्हणून तर टणक आहेत. ठिपके अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत चढतात. पाखरू घाबरलं की रंग बसायच्या आत अंडं टाकतं. दुपारच्या वेळी पिंजऱ्याभोवती काय चालतं ते बघा : मांजर, फटाके, शेजारचं बांधकाम, मुलांची धरपकड. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना गोणपाट बांधा आणि दुपारी त्याला हात लावू नका. नेहमीच्या ठिपक्यांवर खडूसारखा पांढरा थर दिसत असेल, तर उलट आहे, अंडं आत जास्त वेळ राहिलंय. तेही बहुधा भीतीनंच. लाव्ही खातेपिते, चालते नीट, तर औषध काही नको.