टाळू डोक्यावरची की तोंडातली?

चोपडा तालुक्यातल्या एका आशाताईंनी प्रश्न पाठवलाय. जुलाब झालेल्या बाळाला बघायला त्या एका घरी गेल्या होत्या. आईला म्हणाल्या, "टाळू खोल गेलीय का, बघू द्या," तर आईनं बाळाचं तोंड उघडून दाखवलं. मग टाळू नेमकी कुठली? आणि एकाच शब्दानं दोन जागा सांगायच्या असतील तर लोकांशी बोलताना काय म्हणावं? ताईंची मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकते, तिनंही आपला प्रश्न मागे जोडलाय: डोक्याच्या मागच्या हाडाला पुस्तकात 'पश्चकपाल' म्हणतात, पण कपाळ मागे कसं असेल?

ताई, त्या आईचं काही चुकलं नाही आणि तुमचंही नाही. कोशांत 'टाळू'खाली दोन्ही अर्थ मिळतात. पण बोलण्यातली मराठी कोशापेक्षा हुशार आहे, तिनं वाटणी कधीच करून ठेवलीय. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण घ्या. इथे शब्द आहे टाळा, पुल्लिंगी, तोंडातला. आणि 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा' म्हणतो तेव्हा? ती टाळू, स्त्रीलिंगी, डोक्यावरची. 'बाळाची टाळू भरली का?' असं विचारणारी आजी तोंडाबद्दल विचारत नसते. घोळ झाला तो पुस्तकांमुळे. शरीरशास्त्र मराठीत आणताना तोंडाच्या छताला 'टाळा' न म्हणता 'कठीण टाळू', 'मृदू टाळू' म्हटलं गेलं, आणि शाळेत शिकलेल्या पिढीच्या डोक्यात टाळू तोंडात जाऊन बसली. माझं मत विचाराल तर तोंडातल्यासाठी 'टाळा' पुन्हा वापरात आणावा. शब्द जिवंत आहे, म्हण रोज वापरतो आपण.

आता हे दोन अर्थ एका शब्दात आले कुठून? संस्कृतात 'तालु' म्हणजे तोंडाचं छत. अमरकोशात तो दातांच्या नावांना लागूनच येतो, तिथे डोक्याचा संबंध नाही. व्याकरणातले 'तालव्य' वर्ण त्याच्यावरूनच. 'चार' म्हणून बघा, जीभ टाळ्याला लागते. गुरांचा 'चारा' म्हणा, ती पुढे दातांच्या मुळाशी सरकते. पण वैद्यकात मात्र तालु फार पूर्वीच डोक्यावर पोचलेला दिसतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लहान मुलांच्या रोगांमध्ये 'तालुकंटक' आहे. टाळ्याच्या मांसात कफ बिघडतो आणि त्यामुळे डोक्यावर तालुप्रदेशाच्या जागी खोलगटपणा येतो, असं तिथे सांगितलंय. पुढची लक्षणं वाचा: मूल अंगावर पीत नाही, पातळ शौचाला होतं, तहान लागते, उलटी होते, मान धरवत नाही. आजचा कुठलाही डॉक्टर हे वाचून म्हणेल, बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. निरीक्षण अचूक, कारणमीमांसा त्या काळाची. आणि तोंडाचं छत व डोक्याचं छत ही एकाच शब्दाची दोन टोकं आहेत, हेही तिथे दिसतं.

टाळा वर दाबला की टाळूचा खड्डा भरतो, अशी समजूत काही ठिकाणी आहे, ती याच जोडीतून आली असावी. बाळाच्या तोंडात बोट घालून काही मायबाया तसं करतातही. म्हणून टाळ्यापासून टाळूपर्यंत मध्ये काय काय आहे, ते एकदा चढून बघू.

टाळ्याचा पुढचा मोठा भाग वरच्या जबड्याच्या हाडांचा, म्हणजे ऊर्ध्वहनूचा. मागचा साधारण तिसरा हिस्सा दोन ताल्वस्थींचा. त्याच्याही मागे मऊ टाळा, त्यात हाड नाही, नुसते स्नायू. पडजीभ तिथेच लोंबते. टाळ्याच्या वर लगेच मेंदू नाही, नाकाची पोकळी आहे. तिच्या मधल्या पडद्यात खालच्या बाजूला सीरिका नावाचं पातळ हाड उभं असतं. सीर म्हणजे नांगर, आणि हाड फाळाच्या आकाराचं, म्हणून हे नाव. नाकाच्या छताशी झर्झरास्थी. त्यात बारीक बारीक भोकं आहेत, त्यांतून वासाच्या नसा वर मेंदूकडे जातात. त्याच्या मागे जतूकास्थी. जतुका म्हणजे वटवाघूळ. हे हाड हातात घेऊन पाहिलं की नाव ठेवणाऱ्यानं पंख पसरलेलं वटवाघूळच बघितलं असणार, यात शंका राहत नाही. या सगळ्याच्या वर मेंदू, मेंदूची आवरणं, आणि मग कुठे टाळू. तोंडात घातलेल्या बोटाचा जोर तिथवर पोचायला वाटच नाही. बाळाला ओकारी येईल, टाळा सोलवटेल, इतकंच.

टाळू हे खरं तर हाडाचं नावच नाही. चार हाडं अजून एकमेकांना भिडलेली नाहीत, ती मधली जागा म्हणजे टाळू. जन्मताना ललाटास्थीचे, म्हणजे कपाळाच्या हाडाचे, दोन भाग वेगळे असतात. ते दोन आणि मागचे दोन पार्श्वकपाल, म्हणजे डोक्याच्या वरची डावी-उजवी हाडं, यांच्यामध्ये शंकरपाळ्यासारखी चौकोनी फट राहते, तिच्यावर चिवट पडदा असतो. मागच्या बाजूला दुसरी लहान तिकोनी टाळू आहे, शिवाय दोन्ही कडांना दोन-दोन, एकूण सहा. आजीबाईंच्या बोलण्यात मात्र पुढचीच येते, कारण हाताला लागते ती तीच. मागची दोन-तीन महिन्यांत बुजते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. दोन वर्षांपर्यंत लागली तरी बहुधा काळजीचं कारण नसतं. हाडं पूर्ण जुळलेली नसतात म्हणूनच बाळंतपणात डोकं जरा दबून वाटेतून बाहेर येऊ शकतं, आणि पुढे मेंदू वाढतो त्याला जागा मिळते. हाडांच्या जोडांना संस्कृतात सीमंत म्हणतात. सुश्रुतानं डोक्यात असे पाच सांगितलेत. सीमंत म्हणजे भांगही. बायका डोक्याच्या मधोमध भांग पाडतात, त्याच्या बरोबर खाली दोन पार्श्वकपालांचा जोड असतो.

तेलाबद्दलही सांगून टाकतो, कारण तो प्रश्न येणारच. 'टाळू भरणे' याचे दोन अर्थ चालतात: टाळूवर तेल घालणं, आणि टाळू बुजणं. पहिल्यानं दुसरं होतं असं आपण धरून चाललोय. टाळू भरते ती कडेची हाडं वाढतात म्हणून. तेल वरच्या कातडीवर राहतं. हलक्या हातानं लावलं तर लावू द्या, पडदा चिवट आहे, नुसत्या स्पर्शानं काही होत नाही. जोर करून दाबायचं नाही एवढं सांगा.

आता कामाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास जातो, त्यात जुलाब लागले की बाळाचं पाणी झपाट्यानं उतरतं. टाळू बघायची ती बाळ शांत असताना, उभं धरून. रडताना ती फुगलेली वाटते, आणि नाडीबरोबर जराशी उडतेही, त्यात वावगं नाही. शांत असतानाही खोल गेलेली दिसली, डोळे खोल, लघवी कमी, तर अंगावर पाजत राहून ओआरएस आणि लगेच आरोग्य केंद्र. शांत असतानाही टाळू फुगून ताठ दिसली आणि ताप असला, तर थांबूच नका. आणि आईशी बोलताना 'डोक्यावरची टाळू' म्हणा. 'डोक्यावरची' हा एक शब्द जास्त गेला, पण पुढचा सगळा घोटाळा वाचतो. अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, जळगावचं जयगाव, तसं तुमच्याकडे 'टायू' ऐकायला मिळेल. तोंडातल्या 'टाया'पासून ती तिथेही वेगळीच राहते.

मुलीचा प्रश्न जास्त गमतीचा आहे. संस्कृत 'कपाल' म्हणजे पुढचा भाग नव्हेच. मडक्याचा तुकडा, भिक्षापात्र आणि कवटी, हे त्याचे अर्थ. कर्पर आणि खर्पर हे शब्दही असेच, खापरालाही चालतात आणि कवटीलाही; आपण ज्याच्या त्याच्या डोक्यावर खापर फोडतो ते शब्दाच्या माहेरी जाऊनच. सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार केले, त्यात चपट्या हाडांचा प्रकार कपाल. त्या यादीत डोकं, शंख म्हणजे कानशिलं, गाल, टाळा यांच्याबरोबर खांदे आणि गुडघेही आहेत. म्हणजे त्या हिशेबानं गुडघ्यालाही कपाल असतं! मराठीत आल्यावर कपाळ आक्रसून भुवयांच्या वरच्या पट्टीपुरतं उरलं, बहुधा सटवाई तिथे लिहून जाते म्हणून. नशीबही मग कपाळच झालं. जुना अर्थ एका शब्दात मात्र टिकलाय, 'कपाळमोक्ष'. चितेवर फुटते ती अख्खी कवटी, नुसतं कपाळ नव्हे.

तेव्हा पश्चकपाल म्हणजे कवटीचा मागचा भाग. उताणं झोपल्यावर उशीला टेकतं ते हाड. त्याच्या बुडाशी मोठं भोक आहे, महारंध्र, तिथून मज्जारज्जू खाली पाठीच्या कण्यात उतरतो. चेहऱ्यासकट कवटीची हाडं २२, कानातली सहा इवली हाडं धरली नाहीत तर. मेंदूभोवतीची त्यातली आठ: पुढे ललाटास्थी एक, वर पार्श्वकपाल दोन, कानशिलांना शंखास्थी दोन, मागे पश्चकपाल, तळाशी जतूक आणि झर्झर. उरलेली १४ चेहऱ्याची. आणि पुस्तक तयार करणाऱ्यांनी पुढच्या हाडाला 'अग्रकपाल' न म्हणता 'ललाटास्थी' म्हटलं असेल, तर तिनं त्यांचे आभारच मानावेत. नाहीतर पुढचं कपाळ, मागचं कपाळ आणि बाजूची दोन कपाळं, अशी चार पाठ करावी लागली असती.