लिपिड व्हेसिकलच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या दुहेरी थराचं पटल असलेल्या पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पिशवीच्या, गोलाचं डंबेल का होतं? सरफेस टेन्शनमुळे का?

नाही. कुणीतरी याचं कारण सरफेस टेन्शन असं लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. एमएस्सीच्या तोंडीला बाहेरून आलेले परीक्षक हेच धरून बसले होते: "साबणाचा फुगाच हा, यात नवीन फिजिक्स काय?" मार्क गेले ते गेलेच.

वाशीच्या कॉलेजात मी हाच प्रोजेक्ट केला होता. आयटीओ काचेची (एका बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली काच) वाहक बाजू मल्टिमीटरने शोधायची, क्लोरोफॉर्ममधलं लिपिड तिच्यावर पसरून व्हॅक्यूममध्ये वाळवायचं, दोन काचांमध्ये सुक्रोजचं द्रावण भरून फंक्शन जनरेटरवरून दहा हर्ट्झला व्होल्टभर एसी द्यायचा. तयार व्हेसिकल ग्लुकोजमध्ये सोडली की आतलं सुक्रोज जड म्हणून ती तळाशी बसतात. कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडायला लागलं, बाहेरचं ग्लुकोज दाट झालं, की आतलं पाणी बाहेर यायचं. ताठ गोलाची कड आधी थरथरायची, मग तो लांबट व्हायचा, आणि काहींची कंबर बारीक होत होत दोन गोळे नि मध्ये मान एवढंच उरायचं.

पाणी जातं, पण रेणू तेवढेच राहतात, म्हणून क्षेत्रफळ बदलत नाही. चार-पाच टक्के ताणलं तरी पटल फाटतं. उरलेली सैल कातडी कमीत कमी वाकावं लागेल असा आकार घेते. भौतिकशास्त्रज्ञ हेलफ्रिशने 1973 मध्ये मांडलेलं गणित हेच. वाकवायला साधारण 10⁻¹⁹ ज्यूल लागतात, म्हणजे kT च्या (रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीतल्या ऊर्जेच्या) वीसेक पट, म्हणून नुसत्या उष्णतेनेही कड हलताना दिसते. डंबेलच का, चपटी चकती का नाही, हे बाहेरच्या आणि आतल्या थराच्या क्षेत्रफळातल्या फरकावरही ठरतं.

रक्तातल्या लाल पेशीचंही तेच. क्षेत्रफळ सुमारे 135 चौरस मायक्रॉन, तेवढ्या क्षेत्रफळाच्या गोलात मावतील 150 घन मायक्रॉन, पण असतात नव्वदच्या आसपास. गोल होणार कशी? "ऑक्सिजन जास्त घेता यावा म्हणून खोलगट" हे पुस्तकातलं वाक्य फायदा सांगतं, कारण नाही. कॅनहॅम या संशोधकाने 1970 मध्येच वाकण्याच्या ऊर्जेतून तो आकार काढला होता. अर्थात तिथे पटलाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळीही असते, त्यामुळे काटेरी पेशी वगैरे नुसत्या वाकण्याने सुटत नाहीत. आणि हे सगळं लिपिड द्रवरूप असेल तरच, गोठलेल्या पटलाला लागू नाही.

तोंडीला कुणी सरफेस टेन्शन म्हणालंच, तर गप्प बसू नका. विचारा: साबणाच्या फुग्यातली हवा काढली तर तो लहान होतो पण गोलच राहतो, मग सर, हे डंबेल कसं झालं?