क्वीनची हिट यादीबाहेरची गाणी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

'बोहेमियन रॅप्सडी', 'वी आर द चॅम्पियन्स', 'रेडिओ गागा' तोंडपाठ आहेत, पुढे काय ऐकायचं? क्वीन या ब्रिटिश रॉक बँडबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच होता. माझं मत आधीच सांगून टाकतो. हिट गाण्यांतून या बँडची निम्मीच ओळख होते. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बासवादक जॉन डीकन हे चौघंही गाणी रचणारे होते, आणि चौघांचं मन वेगवेगळ्या ठिकाणी रमायचं. ते कुठे रमायचं, हे कळतं ते अल्बमच्या पोटात राहिलेल्या गाण्यांवरून.

'ग्रेटेस्ट हिट्स'ची कॅसेट कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. आता एक अख्खा अल्बम नीट ऐकायचा आहे. कुठला घेऊ? (एक वाचक, सांगली)

'क्वीन टू'. मार्च १९७४ मध्ये आलेला हा दुसरा अल्बम. तबकडीच्या बाजूंना त्यांनी ए आणि बी म्हटलं नाही, पांढरी बाजू आणि काळी बाजू म्हटलं. पांढऱ्या बाजूवर चार रचना ब्रायनच्या आणि एक रॉजरची. काळी बाजू पूर्णपणे फ्रेडीची. त्या बाजूचं शेवटचं गाणं, 'सेव्हन सीज ऑफ राय', तेवढं गाजलं. बाकीच्या खजिन्याकडे फारसं कुणी वळलं नाही.

काळ्या बाजूवरचं 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' साडेसहा मिनिटांचं आहे. त्यात पियानोवरची हळुवार ओळ येते, मग दणका, मग चर्चमधल्यासारखे समूहस्वर, मग पुन्हा वेगळीच चाल. एका जागी तर दोन वेगळ्या लयी एकाच वेळी चालतात, एक आठाची आणि एक बाराची. हे गाणं त्यांनी मंचावर कधीही पूर्ण वाजवलं नाही, मेडलेमध्ये, म्हणजे अनेक गाण्यांचे तुकडे जोडून वाजवताना, त्याचा तुकडा तेवढा घेतला. 'बोहेमियन रॅप्सडी' यानंतर दीड वर्षाने आली. ती आकाशातून पडली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे गाणं जरूर ऐकावं. तिची सगळी तयारी इथे झालेली आहे. आणि मला विचाराल तर, धाडस या गाण्यात जास्त आहे.

पांढऱ्या बाजूवरचं 'व्हाइट क्वीन' मात्र शांतपणे ऐका. त्यातल्या मधल्या गिटारची तार झणझणते, सतारीसारखी. ब्रायनने एका स्वस्तातल्या अकूस्टिक गिटारची घोडी मुद्दाम बदलून घेतली होती, तार तिच्यावर हलकी टेकून कंप पावेल अशी. आपण जिला जवारी म्हणतो, तोच हा परिणाम. पोस्ट-प्रॉडक्शनची करामत नाही, लाकूड आणि तारेचं काम आहे.

एक विनंती. मोबाइलवर ऐकताना शफल बंद ठेवा. काळ्या बाजूवरची गाणी एकमेकांत मिसळत जातात, क्रम मोडला की निम्मी गंमत जाते.

'बोहेमियन रॅप्सडी' ज्या अल्बमवर आहे, त्यावर तिच्या तोडीचं आणखी काही आहे का? (एक वाचक, ठाणे)

आहे, आणि त्याच तबकडीवर ते इतकी वर्षं सावलीत राहिलं आहे. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' नोव्हेंबर १९७५ मध्ये आला. त्यातलं 'द प्रॉफेट्स साँग' आठ मिनिटांहून मोठं आहे. ब्रायनने आजारपणात महापुराचं एक स्वप्न पाहिलं होतं, त्यातून ते उमललं. सुरुवातीला ऐकू येणारा नाजूक तंतुनाद कोतो या जपानी वाद्याचा आहे. खेळण्यातला छोटा कोतो त्याला जपानमध्ये भेट मिळाला होता.

गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि फ्रेडी एकटा उरतो. त्याने गायलेली ओळ टेपवरून थोड्या विलंबाने परत येते, तिच्यावर तो पुढची ओळ गातो, मग तीही परत येते. एक फ्रेडी डाव्या कानात, एक उजव्या कानात, एक मधोमध. आधी काय गायलं तर नंतरच्या स्वराशी ते जुळेल, याचा हिशेब गाता गाताच ठेवावा लागतो. संगणक नव्हता, होती ती टेप आणि कान. हा भाग स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. मग हे प्रकरण ओसरतं ते थेट 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये. ते गाणं तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, पण या पुरानंतर ते काय वाटतं ते ऐकून बघा.

याच अल्बमवर ब्रायनचं 'थर्टी-नाइन' आहे. वरवर लोकगीतासारखं, अकूस्टिक गिटारचं साधं गाणं. पण गोष्ट अंतराळवीरांची आहे. ते नव्या जगाच्या शोधात निघतात, त्यांच्या लेखी एकच वर्ष जातं आणि परत येईपर्यंत पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या असतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादातला मंदावणारा काळ इतक्या हळव्या चालीत क्वचितच कुणी बांधला असेल. ब्रायन भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पूर्ण केली, विषय होता सूर्यमालेतली धूळ. रेकॉर्डवर हे गाणं तो स्वतः गायला आहे, आणि जॉनने त्यासाठी उभा डबल बास शिकून घेतला.

'गुड कंपनी'कडेही दुर्लक्ष करू नका. त्यात जुना जॅझ बँड वाजतो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन सगळं ऐकू येतं. त्यातलं एकही वाद्य तिथे नाही. सगळी ब्रायनची गिटार आहे, एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करून जोडलेली. ती गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरून. आणि जो छोटा अ‍ॅम्प्लिफायर वापरला तो कुणीतरी टाकून दिलेल्या सर्किट बोर्डातून जॉनने जुळवलेला.

जॉन डीकन फारसा बोलायचा नाही, गायचाही नाही. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' सोडून त्याचं काय ऐकावं? (एक वाचक, नागपूर)

'स्प्रेड युअर विंग्ज', आधी हेच. १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वरचं. बारमध्ये झाडलोट करणारा सॅमी, मालकाची बोलणी खाणारा, आणि त्याच्या मनातली उडून जाण्याची इच्छा. क्वीन म्हटलं की थरावर थर चढवलेले आवाज आठवतात, इथे ते नाहीत. फ्रेडी एकटा गातो, आणि त्यामुळेच सॅमीचं एकटेपण पोचतं. सिंगल म्हणून आलं तेव्हा मोठं यश मिळालं नाही. त्याचा व्हिडिओ रॉजरच्या घराच्या बागेत, बर्फात चित्रित झाला आहे.

नंतर 'अ डे अ‍ॅट द रेसेस'मधलं 'यू अँड आय' ऐका, आणि १९८२ च्या 'हॉट स्पेस'मधलं 'कूल कॅट'. हे दुसरं जॉन आणि फ्रेडीचं मिळून आहे, फ्रेडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वरच्या पातळ आवाजात गातो. गायक डेव्हिड बोवीने त्यात मागचे स्वर दिले होते, पण त्याला ते पसंत पडले नाहीत म्हणून काढून टाकले. 'हॉट स्पेस'ला रॉकवाल्यांनी खूप झोडपलं. अल्बम असमान आहे हे मान्य, पण 'कूल कॅट'साठी तरी तो उघडावा.

फ्रेडी पाचगणीला शिकला. मग त्याच्या गाण्यांत भारतीय संगीत कुठे सापडतं? (एक वाचिका, सातारा)

हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, आणि तो मलाही जिव्हाळ्याचा आहे. फारुख बुलसारा (फ्रेडीचं मूळ नाव) हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, पियानो शिकला आणि तिथल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड चालवला. पण ती मुलं वाजवायची ते पाश्चात्त्य रॉक अँड रोल. म्हणून फ्रेडीच्या चालींत राग शोधत बसलात तर निराशा होईल, आणि नसलेला राग ऐकू येतो असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. पाचगणीने त्याला दिला तो पियानो, मंच आणि बँडमध्ये वाजवायची सवय. माझ्या दृष्टीने हे देणं पुष्कळ आहे.

तरीही ऐकाच असं एक गाणं आहे, 'मुस्तफा'. १९७८ च्या 'जॅझ' अल्बमची सुरुवातच त्याने होते. अजानची आठवण देणारी साद, मग धावती चाल, शब्दांत थोडं इंग्रजी, थोडं अरबी-फारसी आणि बरेच नुसते नादासाठी बनवलेले शब्द. फ्रेडी त्यात असा काही रंगतो की अर्थाची गरज वाटत नाही. ते भारतीय नाही, पश्चिम आशियाकडे झुकलेलं आहे. पण मुंबई-पुण्यात वाढलेल्या कानाला ते परकं वाटत नाही.

आणि हार्मोनियम? ती आहे 'तेओ तोरियात्ते'मध्ये. वाजवली आहे ब्रायनने, गाणंही त्याचंच, आणि ते लिहिलं जपानी चाहत्यांसाठी; ध्रुवपदातल्या काही ओळी चक्क जपानीत आहेत. 'व्हाइट क्वीन'मधली ती जवारीही ब्रायनचीच. आपल्याकडच्या नादाच्या जवळ जाणाऱ्या या दोन्ही जागा इंग्लंडात वाढलेल्या गिटारवादकाच्या आहेत, हे मला फार आवडतं.

गिटार शिकतोय. ब्रायन मेचं असं कुठलं गाणं, ज्यातून खरंच काही शिकता येईल? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

'इट्स लेट'. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मधलं, सहा मिनिटांहून मोठं, नाटकाच्या तीन अंकांसारखं बांधलेलं. सोलोमध्ये ब्रायन उजव्या हाताची बोटंही गिटारच्या दांडीवर आपटून स्वर काढतो. हे टॅपिंग पुढे गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे जगभर पोचलं, पण त्याच्या बँडचा पहिला अल्बम १९७८ चा, आणि 'इट्स लेट' त्याआधीच्या वर्षातलं. ब्रायननेही ते शोधलं नाही, टेक्सासमध्ये एका वादकाला वाजवताना पाहून उचललं. तुम्ही मात्र टॅपिंगच्या आधी त्याचा उजवा हात अभ्यासा. तो प्लॅस्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो, म्हणून स्वराच्या सुरुवातीला ती किंचित खरखर येते. आपल्याकडचं एखादं नाणं घेऊन बघायला हरकत नाही, तारा जरा लवकर झिजतील इतकंच.

शेवटच्या काळातलं, कमी ऐकलेलं एखादं? (एक वाचक, दुबई)

'बिजू', १९९१ च्या 'इन्युएंडो'वरचं. यात गाण्याची रीत उलटी केली आहे. जी जागा गाणाऱ्याची, तिथे गिटार बोलते, आणि फ्रेडी फक्त मध्ये थोडंसं गाऊन जातो. आणि त्याआधीच्या 'द मिरॅकल'चं शेवटचं गाणं, 'वॉज इट ऑल वर्थ इट'. ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरच्या गर्दीनंतर जुनं, भव्य, गिटारने गर्जणारं क्वीन इथे पुन्हा भेटतं.

मुलगी दहा वर्षांची आहे. तिला टाळ्या-पायांचं 'वी विल रॉक यू' तेवढं माहीत आहे. तिला पुढचं एकच गाणं द्यायचं तर? (एक आई, पुणे)

'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक', पुन्हा 'क्वीन टू'च्या काळ्या बाजूवरचं. याच नावाचं एक चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, रिचर्ड डॅड या चित्रकाराचं. मनोरुग्णालयात राहत असताना १८५५ पासून जवळजवळ नऊ वर्षं तो त्यावर काम करत होता. चित्र जेमतेम पावणेदोन फूट उंच, पण गवताच्या पात्यांआड पऱ्या, बुटके, गाडीवान, किडे यांची दाटी. मधोमध एकाने कुऱ्हाड उगारली आहे, घाव अजून पडायचा आहे. फ्रेडीला या चित्राने झपाटलं होतं, त्याने बँडमधल्या इतरांनाही ते दाखवायला नेलं. गाण्यात त्या आकृत्या एकामागून एक हजेरी लावतात, आणि हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याची टोकदार किणकिण त्यांच्यामागे पळत राहते.

चित्र टॅबलेटवर मोठं करून तिच्यासमोर ठेवा आणि गाणं लावा. तुतारी फुंकणारा किडा तिला सापडतो का ते बघा. राजा ओबेरॉन आणि राणी टायटानिया चित्राच्या वरच्या भागात आहेत. गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं, त्यामुळे तिला ते दोन-तीनदा लावावं लागेल.